चौदाव्या पायरीवर दार नाही

आमच्या घराला छत्तीस पायऱ्या आहेत. भावाभावांत छत्तीसचा आकडा पडणार हे बांधणाऱ्या गवंड्याला आधीच कळलं असेल असं मी म्हणत नाही, पण काम त्याने चोख केलं. तळमजल्यावर मी आणि माझी बायको. अठरा पायऱ्या चढलं की बाबांच्या दोन खोल्या; त्यांना अकरा वर्षं कुलूप आहे. आणखी अठरा चढलं की माझे थोरले बंधू. त्यांना मी 'वरचे' म्हणतो. ते मला 'खालचा' म्हणतात, असं वहिनींकडून कळतं. वहिनी आणि माझी बायको यांचं उत्तम चालतं. दोघींनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं, की हे वैर पुरुषांचं आहे, आपण त्यात कामाचा वेळ घालवायचा नाही.

वैराचं कारण म्हणाल तर एक ओळ.

बाबांच्या पित्ताशयात खडे झाले होते. हा आमच्या घराण्याचा रोग. शस्त्रक्रिया करण्याआधी त्यांच्या हृदयाला ती झेपेल का, हे बघायला भुलीच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. वरचे घेऊन गेले. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी वर्तमानपत्र मागितलं, चष्मा कुठे ठेवला म्हणून नर्सला दटावलं, आणि तिसऱ्या दिवशी छातीत दुखतंय असं एकदाही न म्हणता गेले. हृदयाचा झटका. दुखणं मारायची औषधं चालू असली की तो असा चोरपावलांनी येतो, असं आम्हाला नंतर सांगण्यात आलं. कागदपत्रं आणायला मी गेलो होतो. मी तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचलेला माणूस. हातात आलेलं वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. फाइलच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं: 'जिने: दोन मजले, न थांबता. माहिती देणारा: मोठा मुलगा.'

बाबा दोन मजले न थांबता चढायचे ते मी शाळेत असताना.

त्या दिवसापासून मी वरच्यांशी बोलणं टाकलं. कारण सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक. समोरचा गप्प झाला की शिस्त लागली असं समजायची त्यांना नोकरीभर सवय.

सूड घ्यायचं मी ठरवलं होतं. पण कसा घ्यायचा हे सुचेना. मारामारी मला झेपत नाही, कोर्टात जावं तर साक्षीदार गेलेला. म्हणून मी वाट पाहायला लागलो. पाण्याच्या खात्यात वाट पाहण्याचं शिक्षण चांगलं मिळतं.

आमच्या बाहेरच्या खोलीची भिंत जिन्याला लागून आहे. वरच्यांचे बूट कातडी तळव्यांचे. शाळेच्या व्हरांड्यात मुलांना आधीच धडकी भरावी म्हणून घ्यायचे, तेच अजून. त्यांच्या येण्याजाण्याची एकेक पायरी मला खुर्चीत बसून मोजता येते. आठ वर्षं छत्तीसच्या छत्तीस पायऱ्या खाडखाड वाजल्या. मी रोज मोजायचो आणि रोज माझी निराशा व्हायची.

मग तीन वर्षांपूर्वी एका सकाळी एकतिसाव्या पायरीवर बूट थांबले.

मी कप खाली ठेवला. वर किल्ल्यांचा आवाज आला. वरचे खिशातून जुडगा काढून खुळखुळवत होते. एकतिसाव्या पायरीवरून त्यांचं दार पाच पायऱ्या लांब. हा माणूस आताच किल्ली का शोधतोय? मग लक्षात आलं. किल्ल्या खुळखुळल्या की धापा ऐकू येत नाहीत.

त्या दिवशीच्या चहाची चव अजून माझ्या जिभेवर आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात मी पेन्सिलीने लिहिलं: ३१. त्याखाली बारीक अक्षरात: ६. म्हणजे पुढची पायरी वाजेपर्यंत माझे सहा श्वास झाले.

"हे काय लिहिता?" बायकोने विचारलं.

"रीडिंग."

साखर तपासत असेन म्हणून तिने पुढे विचारलं नाही, फक्त माझ्या चहातली साखर कमी केली. सुडाची पहिली किंमत मीच मोजली.

त्यानंतर रीडिंग चुकवलं नाही. वर्षभरात एकतीसचे पंचवीस झाले. पंचविसाचे बावीस. मग एका फेब्रुवारीत आकडा अठरावर आला आणि मला घाम फुटला. अठरावी पायरी म्हणजे बाबांचं दार. रोज दुपारी वरचे त्या दारापाशी थांबत होते. किल्ल्या वाजत होत्या, पण कुलूप उघडल्याचा आवाज नाही. हा माणूस पश्चात्ताप करतोय की काय? चार महिने माझी झोप उडाली. पश्चात्ताप करणाऱ्या माणसावर सूड घ्यायचा म्हणजे भिजलेल्या लाकडाला काडी लावण्यासारखं. मग जूनमध्ये ते चौदाव्या पायरीवर थांबू लागले आणि माझ्या जिवात जीव आला. चौदाव्या पायरीवर दार नाही. नुसती भिंत आहे, तिचेही पोपडे निघालेले. म्हणजे पश्चात्ताप वगैरे काही नव्हतं, नुसता दम होता.

ऑगस्टमध्ये वहिनी खाली आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"भावजी, यांच्या पित्ताशयात खडे निघाले. काढायचे म्हणतात. त्याआधी भुलीच्या डॉक्टरांना दाखवायचंय आणि सोबत घरचं माणूस हवंय. माझे गुडघे असे. मुलगा परदेशात."

"माझं आणि त्यांचं बोलणं नाही, वहिनी."

"तिथे बोलायचं कुठे आहे? बसायचं. यांनाही मी तेच सांगितलंय."

मी इतक्या चटकन 'येतो' म्हणालो की माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

निघताना मी चालू वर्षाचं आणि त्याआधीचं, अशी दोन्ही कॅलेंडरं गुंडाळी करून पिशवीत टाकली. "ती कशाला?" बायको म्हणाली. "तिथे वेळ जात नाही," मी म्हणालो. याहून खरं उत्तर तेव्हा माझ्याजवळही नव्हतं.

भुलीच्या डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. टेबलावर फॉर्म, कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. वरचे खुर्चीत ताठ बसले. मी मागे स्टुलावर. डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली, रक्तदाब पाहिला, हृदयाच्या आलेखाची पट्टी बोटांखालून सरकवली.

"पट्टी ठीक आहे, काका. पण ही पट्टी पडून असलेल्या माणसाची. शस्त्रक्रिया म्हणजे पडल्या पडल्या जिना चढणं. म्हणून थोडं विचारते. मधुमेह?"

"नाही."

"पूर्वी कधी झटका? पायावर सूज? किडनीचा त्रास?"

"मी एकाही दिवसाची आजारपणाची रजा काढलेली नाही," वरचे म्हणाले. "रेकॉर्ड तपासा."

"छातीत, जबड्यात, हातात कधी दुखतं? चढताना?"

"अजिबात नाही."

"दोन मजले चढता? न थांबता?"

"दुसऱ्या मजल्यावरच राहतो. रोज चढतो. हातात पिशवी घेऊन."

त्याच दिवशी सकाळचं रीडिंग होतं: चौदा, अकरा श्वास. हातात पिशवी नव्हती, किल्ल्या होत्या.

डॉक्टरांचं पेन फॉर्मवर चालू लागलं. मला स्टुलावरून अक्षरं उलटी दिसत होती, पण मीटर मी उलटे, तिरके, खड्ड्यात डोकं घालून, सगळ्या तऱ्हांनी वाचलेत. 'जिने: दोन म...' लिहून होत होतं. मी मूग गिळून बसलो तर बास होतं. तेच वाक्य, तोच फॉर्म, तेच पित्ताशय. अकरा वर्षं शोधत होतो तो सूड आपल्या पायांनी चालत येऊन माझ्यापुढे खुर्चीत बसला होता, आणि मला करायचं काय होतं? काहीही नाही. काहीही न करता काही पदरात पडण्याची आयुष्यातली ही पहिलीच संधी.

आणि वरच्यांनी तोंड उघडलं.

"आमच्या घराण्यात सगळ्यांचेच जिने पक्के," ते हसून म्हणाले. "आमचे वडील ऐंशीव्या वर्षी असेच चढायचे."

 एकदम दिसलं की हे आता मरणार, आणि मरताना बाबांचे जिने पक्के होते असं समजतच मरणार. लोक म्हणणार, चांगले होते हो, नशीब. मला हा माणूस मेलेला नको होता. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. मला तो जिवंत हवा होता, तोंड पडलेला.

"चौदा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "काय चौदा?"

"चौदाव्या पायरीवर थांबतात. अकरा श्वास. जूनपासून. फेब्रुवारीत अठराव्यावर थांबायचे, गेल्या वर्षी पंचविसाव्यावर."

वरचे संपूर्ण खुर्चीसकट मागे वळले. अकरा वर्षांनी ते माझ्याशी पहिलं वाक्य बोलले. "तू मोजतोस?"

मी पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर पसरली. डॉक्टरांनी एका टोकाला रक्तदाबाचं यंत्र ठेवलं, दुसऱ्या टोकाला आपला मोबाइल, आणि बोट ठेवून महिन्यामागून महिना वाचत गेल्या.

"रविवार कोरे का?"

"रविवारी ते उतरत नाहीत."

"आणि थांबले की आणखी काही ऐकू येतं?"

"किल्ल्या."

"काका," त्या वरच्यांना म्हणाल्या, "थांबता तेव्हा काय होतं? खरं सांगा."

वरच्यांचा हात आपोआप जबड्याकडे गेला आणि तिथून घाईघाईने मिशीवर आला. डॉक्टरांनी तो प्रवास बघितला. फॉर्मवरच्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. त्या रेघेचा आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही.

"इतकी नीट माहिती मला आजवर कुणी आणून दिली नाही," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "किती जपता हो भावाला!"

मला आयुष्यात अनेकांनी अनेक गोष्टी म्हटल्या आहेत. ग्राहकांनी कुत्री अंगावर सोडली आहेत. पण इतका अपमान झाला नव्हता.

"शस्त्रक्रिया आत्ता नाही," डॉक्टर सांगत होत्या. "दम लागायची पायरी खाली खाली येतेय, ही साधी गोष्ट नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. आजच. खडे थांबतील."

"मी शाळा चालवलीय," वरचे उठले. "एका मीटरवाल्याच्या पेन्सिलीवरून माझं हृदय ठरवणार? या बाहेर, दाखवतो."

"काका, नको! बसा!" डॉक्टर ओरडल्या, पण ते दाराबाहेर होते. त्या मदतनीसाला आणि चाकाच्या खुर्चीला हाक मारत उजवीकडे पळाल्या. जिना डावीकडे होता. मी डावीकडे गेलो.

वरचे चढत होते. मी खाली उभा राहून मोठ्याने मोजू लागलो. सात. आठ. नऊ. दहाव्यावर बुटांचा आवाज बदलला. अकरा. बाराव्यावर ते थांबले, कठडा धरला, आणि हात खिशात गेला. किल्ल्या वाजल्या.

"दादा," मी म्हणालो, "किल्ल्या कशाला काढल्यास? इथे आपलं दार नाही."

ते पायरीवर बसले. चेहरा राखेसारखा. मी वर जाऊन दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. पडले तर धरायला नव्हे. चेहरा नीट दिसावा म्हणून.

"एवढं कशाचं रे?" ते धापा टाकत म्हणाले. "मी काय घोडं मारलं तुझं?"

अकरा वर्षांनी विचारलं. मी फाइलचं पान, ओळ, अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं. माहिती देणारा: मोठा मुलगा.

त्यांनी किल्ल्या पायरीवर ठेवल्या. दमामुळे की कशामुळे, हे मोजायचं माझ्याकडे साधन नव्हतं.

"मी खोटं नाही सांगितलं," ते म्हणाले. "मला तसंच वाटत होतं. बाबांबरोबर चढताना मी नेहमी पुढे असायचो. मागे वळून कधी पाहिलं नाही. मी वर पोचायचो, दार उघडायचो, ते यायचे." मग मान वर केली. "पण तू तर खाली होतास. तुला भिंतीतून माझे श्वास ऐकू येतात. बाबांचे नव्हते ऐकू येत?"

"येत होते."

"कुठे थांबायचे?"

"नवव्या पायरीवर."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही. तू म्हणालास, मी नेतो. तू नेलंस."

हे उत्तर मी अकरा वर्षं तयार ठेवलं होतं. घरात, खुर्चीत बसून, ते फार चांगलं वाटायचं. दवाखान्याच्या जिन्यात ते मोठ्याने म्हटल्यावर आवाज घुमला आणि पुन्हा माझ्याच कानावर येऊन पडला.

"बरोबर," दादा म्हणाला. "तुला कुणी विचारलं नाही."

खुर्ची आली. त्याला खाली उतरवलं, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, जिभेखाली गोळी दिली. डॉक्टर फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या, खालची एक ओळ भरायची होती. "माहिती कुणी दिली लिहू?"

"धाकटा भाऊ," मी म्हणालो. आणि ते लिहून होईपर्यंत तिथून हललो नाही.

पुढचं वहिनींनी तुम्हाला जास्त चांगलं सांगितलं असतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन ठिकाणी अडथळे निघाले, दोन्ही ठिकाणी जाळ्या बसवल्या, औषधं लागली. पित्ताशय मात्र तसंच राहिलं. जाळ्या बसवल्यावर लगेच चिरफाड नको, किमान सहा महिने थांबा, आणि तोवर तेला-तुपाचं नाव काढू नका, असा हुकूम झाला.

हे ऐकलं आणि माझा सूड, जो जिन्यातच सांडला असं मला वाटलं होतं, तो पुन्हा भरून आला. मी बायकोला म्हटलं, आता आपल्याकडे रोज काहीतरी तळायचं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्यात उघडते आणि वास अठरा अठरा पायऱ्या एका दमात चढतो, न थांबता.

पहिल्याच आठवड्यात वरून आवाज आला, "खालच्या! लाज नाही वाटत?"

"नाही!" मी ओरडलो.

"आज काय आहे?"

"कुरकुरीत आहे!" एवढंच सांगितलं.

वरून दार आपटलं. पण बोलणं सुरू झालं होतं, हे दोघींनी एकमेकींकडे बघून घेतलं. आम्ही लक्ष दिलं नाही.

दादाला रोज थोडं थोडं चढायला सांगितलं होतं. त्याने माझ्या नाकावर टिच्चून ते मला भिंतीतून ऐकू जाईल असं मोठ्याने मोजत करायला सुरुवात केली. "सोळा! लिही!" मग "तेवीस! लिहिलंस का?" मी लिहीत होतो. जानेवारीत एका दुपारी तो छत्तीस ओरडला, आणि वरून टाळ्या वाजल्या. वहिनींच्या असाव्यात. मी पेन्सिलीला टोक करत होतो म्हणून माझे हात मोकळे नव्हते.

फेब्रुवारीपासून मात्र तो पुन्हा थांबू लागला. अठराव्या पायरीवर. रोज.  मी दार किलकिलं करून कान दिला. धाप नव्हती. किल्ल्या वाजल्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा कुलपाची कडी खट्कन निघाली. दार करकरलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज. वीस मिनिटांनी पुन्हा कुलूप, पुन्हा अठरा पायऱ्या, खाडखाड. मी चौकोनात १८ लिहिलं आणि श्वासांची जागा कोरी ठेवली.

मार्चमध्ये आम्ही त्याच डॉक्टरांपुढे बसलो. दादा खुर्चीत, मी स्टुलावर. स्टूल मी थोडं पुढे ओढून घेतलं होतं. पट्टी झाली, रक्तदाब झाला, नवा फॉर्म पुढे आला.

"काका, आता जिने? दोन मजले?"

पस्तीस वर्षं मुख्याध्यापक असलेल्या आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देऊ न दिलेल्या माझ्या भावाने अंगठा मागे केला.

"त्याला विचारा."

मी घसा साफ केला. इतक्या वर्षांचा सूड दोन शब्दांत मिळाला होता. तो मला सावकाश चघळायचा होता. डॉक्टर पेन धरून थांबल्या.

"छत्तीस," मी म्हणालो. "दम लागत नाही. जबडा दुखत नाही."

"मध्ये थांबतात?"

"अठराव्या पायरीवर थांबतात," मी म्हणालो. "पण तिथे दार आहे."

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी लिहिलं. मी मान तिरकी करून शेवटची ओळ वाचली. बरोबर होती.

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली, नऊ दिवसांनंतरची. बाहेर आल्यावर मी घरी फोन लावला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" बायकोने विचारलं.

"हृदय तयार आहे. पित्ताशय निघेल. तेल आणलंस का?"

"आता कशाला? झालं ना भांडण संपून?"

दादा शेजारीच उभा होता, बुटाची लेस बांधण्याच्या निमित्ताने कान देत.

"नऊ दिवस आहेत अजून," मी म्हणालो. "कढई उतरवू नकोस."